लॉजची पेटी आणि व्याह्यांचं चॅनल

तोंडात टाचण्या धरलेल्या असताना शिंप्यानं हसू नये, आणि दचकू तर मुळीच नये. मास्तरांनी हा नियम चाळीस वर्षं पाळला होता. पण त्या सोमवारी पँटची लांबी घ्यायला स्टुलावर उभं राहिलेलं गिऱ्हाईक मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरून म्हणालं, "मास्तर, हा तलवारवाला तुम्हीच ना हो?" आणि मास्तरांच्या हातातली टाचणी कापड सोडून सरळ पोटरीत गेली.

"आई गं! अहो, नुसतं विचारलं!"

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. फोटोत तेच होते. एका बंद दारासमोर, गळ्यात पट्टा, हातात तलवार, डोळे मिटलेले. त्यांच्याभोवती लाल गोल, गोलाकडे रोखलेले तीन पिवळे बाण, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'बंद दाराआड, भाग एकशे बारा. हा माणूस डोळे मिटून कोणता मंत्र म्हणतोय?'

"मंत्र नाही हो, डुलकी," मास्तर टाचण्यांच्या फटीतून म्हणाले.

"आणि तलवार?"

"तिला धार नाही. तिच्यानं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. पाय सरळ ठेवा, नाहीतर एक पाय आखूड होईल."

गिऱ्हाईक गेलं. मास्तरांनी आपली मोठी कात्री उचलली, कापडात घातली आणि तशीच थांबवली. ही कात्री त्यांनी तरुणपणी खास बनवून घेतली होती, डाव्या हातासाठी. दुकानात दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. लावलाच तर ती कापड कापायची नाही, चावायची. मास्तर सगळंच डाव्या हातानं करत. एवढंच काय, कोणी उजव्या हातानं सुई ओवताना दिसलं की त्यांना त्याची दया यायची.

आता तो फोटो टाकणारा कोण, तर मास्तरांचा सख्खा व्याही. म्हणजे लेकीचा सासरा. धंद्यानं लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि हाडाचा पक्का. "या गावात अडकलेलं एकही दार नाही जे मी उघडलं नाही," असं तो छाती पुढे काढून सांगायचा, आणि मग आवाज बारीक करून म्हणायचा, "एक सोडून."

ते एक दार लॉजचं. लॉज म्हणजे राहायची जागा नव्हे, जरी महिन्यातून एखादा तरी वाटसरू बॅग घेऊन येऊन मास्तरांना "डबलबेड आहे का?" असं विचारायचाच. हे लॉज फ्रीमेसन मंडळींचं. फ्रीमेसन म्हणजे एक जुनी बंधुमंडळी. गवंड्याचा गुण्या आणि कर्कटक त्यांनी खुणा म्हणून घेतलेले, का तर माणसानं काटकोनात वागावं आणि आपल्या वर्तुळात राहावं. महिन्यातून दोनदा जमायचं, दार लावायचं, तोंडपाठ केलेले विधी करायचे, एकमेकांना बंधू म्हणायचं आणि नडलेल्याला हात द्यायचा. दाराबाहेर एका बंधूनं बोथट तलवार घेऊन उभं राहायचं, म्हणजे आत कोणी परका शिरणार नाही. लॉजमध्ये आल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, ते काम मास्तरांकडे होतं. कोणी शिरायला आलं असं त्या एकोणीस वर्षांत झालं नव्हतं. एकदा मांजर आलं होतं.

सहा वर्षांपूर्वी व्याही मास्तरांना म्हणाले होते, "मलाही घ्या की तुमच्यात." मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. लेकीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, दर रविवारी दोघं व्याही कॅरम खेळत, एकमेकांची राणी ढापत. आता बंधूही होणार! त्यांनी स्वतः अर्ज भरून दिला.

पण लॉजमध्ये नवा माणूस घ्यायचा तर पेटी फिरते. शिसवी लाकडाची पेटी, समोर हात जाईल एवढं गोल तोंड, आत अंधार. अंधारात शेजारी शेजारी दोन भोकं. एक होकाराचं, एक नकाराचं. प्रत्येकानं एकेक गोळी घ्यायची, हात आत घालायचा, हव्या त्या भोकात सोडायची. कोणी काय टाकलं ते दिसत नाही, विचारायचं नाही, सांगायचं नाही. आणि सगळ्यांत कठीण नियम असा की एक जरी नकार निघाला तरी अर्ज बाद.

दारावरचा माणूस एरवी मत द्यायला आत जात नाही. पण त्या दिवशी मास्तर हट्टाला पेटले. "माझ्या व्याह्याला माझ्या हातानं होकार," म्हणाले. मग बेकरीवाले बंधू आपली गोळी टाकून तेवढ्यापुरते तलवार धरून बाहेर उभे राहिले आणि मास्तर आत गेले. पेटी आयुष्यात पहिल्यांदाच हाताळत होते. म्हणून लॉजचे चिटणीस, भूगोलाचे निवृत्त सर, त्यांच्या कानाशी लागले.

"डावं-उजवं लक्षात ठेवू नका, बंधू. डावं-उजवं बघणाऱ्यावर असतं. उभं कुठे राहिलो त्यावर असतं. अंगठा मात्र ज्याचा त्याच्याजवळ. अंगठ्याकडे होकार, करंगळीकडे नकार. चाळीस वर्षं मी असंच शिकवतोय, एकही चूक नाही."

मास्तरांनी हात घातला, गोळी अंगठ्याकडे सोडली आणि समाधानानं बाहेर आले. भोकांखालचे दोन खण उघडले. बावीस होकार आणि एक नकार.

त्या एका गोळीनं काय काय उद्ध्वस्त केलं! व्याही तडक दुकानात आले. "तुम्ही तर नाही ना टाकली?"

"कात्रीची शपथ," मास्तर कात्रीवर हात ठेवून म्हणाले, "मी होकार टाकला."

"मग असल्या लोकांचं दार राखता कशाला? सोडा."

मास्तरांना दार सोडवेना. व्याह्यांना राग सोडवेना. कॅरमला धूळ लागली. वर्षभरात व्याह्यांनी चॅनल काढलं, 'बंद दाराआड', आणि साप म्हणून भुई धोपटायला सुरुवात केली. लॉजमध्ये कवटीतून सरबत पितात. लॉजमध्ये काळा बोकड पाळलाय. टायरचे भाव, पावसाचं प्रमाण आणि शाळांच्या सुट्ट्या तिथेच ठरतात. एक गुप्त हात सगळ्या जगाची सूत्रं हलवतो, आणि तो हात या दाराआड आहे! मास्तरांना हे ऐकून अचंबा वाटायचा. गेली दोन वर्षं लॉजचा पंखा बंद होता आणि तो कोणी दुरुस्त करायचा हे तेवीस बंधूंना ठरवता आलं नव्हतं.

मास्तरांचा मात्र एकाच माणसावर संशय होता. बेकरीवाल्यांवर. त्यांचं आणि व्याह्यांचं कधीतरी बेकरीतल्या लिफ्टवरून वाजलं होतं. मास्तर तोंडानं चकार शब्द बोलले नाहीत, पण सहा वर्षं त्यांनी त्या बेकरीचा पाव घरात येऊ दिला नाही. दोन गल्ल्या ओलांडून दुसरीकडून पाव आणायचे, विटेसारखा. बायको म्हणायची, "अहो, हा पाव खायचा की भिंतीत लावायचा?"

तर त्या सोमवारी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, भाग एकशे बारा पाहिलात?"

"पाहिला. फोटो बरा आलाय."

"रविवारी तुमची नात पाच वर्षांची होतेय. परवा ती मला काय म्हणाली माहितीये? 'आई, माझ्या वाढदिवसाला कोणत्या आजोबांची ड्यूटी आहे?'"

पोरीनं दोन आजोबांना एका खोलीत कधी पाहिलंच नव्हतं. एक जिना चढायचा तेव्हा दुसरा उतरून गेलेला असायचा. तिची पक्की समजूत होती की आजोबा पाळीनं येतात, इस्पितळातल्या नर्सबाईंसारखे. शाळेत तिनं सांगितलंही होतं की माझ्याकडे एक सकाळचे आजोबा आहेत आणि एक संध्याकाळचे.

"हसावं का रडावं कळेना मला," लेक म्हणाली. "आता पुरे झालं. रविवारी या तर दोघं एकत्र या. नाहीतर दोघांनीही येऊ नका. मामंजींनाही हेच सांगितलंय."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी तुझ्या बापाला ते दार सोडायला सांग."

"आणि सोडलं तर?"

"तर तुम्ही वर्षभर तोंड पाडून बसाल, मी ओळखत नाही का? मला दार नको, तलवार नको, कवटी नको. मला केकपाशी दोन आजोबा हवेत. एकाच वेळी." आणि तिनं फोन ठेवला.

बुधवारी लॉजमध्ये तातडीची सभा भरली, विषय तोच: चॅनलला उत्तर काय द्यायचं. मास्तर नेहमीप्रमाणे बाहेर. पण दार जुनं, फटी मोठ्या, आणि बंधूंचे आवाज त्याहून मोठे. आतलं अक्षर न् अक्षर त्यांना ऐकू येत होतं.

उत्तरं देऊन झाली नव्हती असं नाही. पहिल्या वर्षी ठराव झाला होता की हत्तीनं चालावं, मागे कोण भुंकतं ते पाहू नये. दुसऱ्या वर्षी भूगोलाच्या सरांनी चौदा पानी उत्तर लिहिलं, पृथ्वीच्या उत्पत्तीपासून. ते कॉमेंटमध्ये टाकल्यावर खाली एकानं विचारलं, "थोडक्यात सांगता का?" सरांनी थोडक्यात सांगितलं, ते अकरा पानी झालं. तिसऱ्या वर्षी बेकरीवाल्यांनी कोणाला न विचारता लिहिलं, "आधी आमच्या बेकरीची लिफ्ट नीट कर, मग जगाचं बघ!" त्यावर व्याह्यांनी त्या लिफ्टवरच तीन भाग केले. मग सरांना युक्ती सुचली. 'सत्यप्रेमी' नावानं दुसरं खातं काढायचं आणि त्यावरून लॉजची बाजू घ्यायची. खातं काढलं, मजकूर लिहिला, 'भूगोलाच्या सरांइतका विद्वान माणूस मी पाहिला नाही', आणि टाकला स्वतःच्याच खात्यावरून. स्वतःच्या फोटोसकट. त्या दिवशी व्याह्यांच्या चॅनलला दोनशे नवी माणसं जोडली गेली.

आताही आत तेच चाललं होतं. कोणी म्हणे वकिलाची नोटीस धाडा, कोणी म्हणे एकदम दुर्लक्ष करा. सर म्हणाले, "माझ्याकडे बावीस पानांचा मसुदा तयार आहे," आणि खुर्च्या एकदम करकरल्या.

मास्तर बाहेर उभे राहून ऐकत होते. डोळ्यांपुढे मात्र केक होता, आणि केकपाशी कोणीच नव्हतं. मग त्यांनी एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. आपल्याच दारावर बाहेरून तीनदा ठोकलं.

नियमाप्रमाणे दार किलकिलं झालं. "कोण आहे?" आतल्या बंधूनं घाबरतच विचारलं.

"मीच आहे. दुसरं कोण असणार?"

लॉजच्या गादीवर त्या वर्षी दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "बोला मास्तर. काय झालं?"

"झालं काही नाही. एकोणीस वर्षं मी दाराची बाहेरची बाजू बघतोय, तुम्ही आतली. बाहेरून नुसतं दार दिसतं, बंधू. आत काय आहे ते दिसेना की माणूस आपल्या मनानं बोकड बांधतो. मसुदे राहू द्या. त्याला बोलवा. शनिवारी सभा नाही, विधी नाही. दार उघडं ठेवा, आणि येऊ दे त्याला मोबाइल घेऊन."

"आणि त्यानं काही विचारलं तर?" सर ओरडले.

"खरं सांगा. दुसरं काही पाठ करावं लागणार नाही."

डॉक्टर हसले. आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हणणारा माणूस तो. म्हणाले, "बरोबर आहे. तोंड उघडल्याशिवाय दुखतंय कुठे ते कळत नाही."

शनिवारी दुपारी चार वाजता व्याही आले. इस्त्रीचा शर्ट, काठीवर लावलेला मोबाइल, कमरेला टॉर्च, पाठीवर हत्यारांची पिशवी, जणू बोकड सापडलाच तर पाने-पकडी लागतील. मास्तर दारात उभे होते, तलवारीशिवाय. तलवार नसल्यानं हात कुठे ठेवावे तेच त्यांना कळत नव्हतं.

"या, व्याही."

"आम्ही लाइव्ह आहोत," व्याही मोबाइलकडे बघत म्हणाले. "तीनशे चाळीस लोक बघतायत. तर मित्रांनो, आज आपण त्या दारातून आत जाणार आहोत!"

"पायपुसण्याला पाय पुसा," मास्तर म्हणाले. "फरशी आत्ताच पुसलीय."

आत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, भिंतीवर गुण्या आणि कर्कटक, छताला बंद पंखा. बंधू ओळीनं उभे, जुन्या गवंड्यांसारखे एप्रन घातलेले, शाळेच्या तपासणीला उभे राहावं तसे. व्याह्यांनी पडद्यामागे पाहिलं. झाडू होता. टेबलाखाली वाकले. "इथे काहीतरी लपवलंय!" त्यांनी हात घालून ओढलं, तर डॉक्टरांची चप्पल.

"तरीच!" डॉक्टर म्हणाले. "मार्चपासून शोधतोय."

"ती माळ्यावरची झडप? ती कशाला?"

"शिडी घ्या आणि बघा."

व्याही सरसर चढले. झडप उघडली, टॉर्च मारला, मोबाइल आत घातला. आत चाकाच्या सतरा खुर्च्या, कुबड्या आणि घडीच्या खाटा होत्या.

"हे काय आहे?"

"ज्यांच्या घरी कोणी पडलंय, मोडलंय, त्यांना आम्ही देतो," खालून मास्तर म्हणाले. "बरे झाले की परत आणतात. तुमच्या बहिणीचा पाय मोडला होता तेव्हा खुर्ची आली होती ना, निळी? ती बघा, कोपऱ्यातली."

व्याह्यांनी टॉर्च कोपऱ्याकडे वळवला. "ती तुम्ही दुकानातून आणली म्हणाला होतात."

"दुकानातून कशी आणीन? मी शिंपी आहे."

ते खाली उतरले तेव्हा बघणारे एक्क्याण्णव उरले होते. कोणीतरी लिहिलं होतं, 'बोकड कुठाय?' दुसऱ्यानं लिहिलं, 'माझ्या आजोबांना खुर्ची मिळेल का?' व्याह्यांनी तो शेवटचा प्रश्न वाचला, खाकरले आणि वाचलाच नाही असं केलं. मग मोबाइलची काठी खाली आली. आवाजही खाली आला.

"ती पेटी दाखवा," ते म्हणाले.

सगळ्यांना कळलं कोणती. सरांनी कपाटातून ती आणली, मखमलीच्या फडक्यात गुंडाळलेली, आणि टेबलावर ठेवली. उजवा हात आत घालून गोळी टाकून दाखवली. टक्. पांढऱ्या मुठीचा खण ओढला, गोळी तिथे. "हा झाला होकार. पाहा, चाळीस वर्षं एकही चूक नाही."

"मला तुमचं नको," व्याही म्हणाले. "मास्तरांचं हवंय. हे एकटेच मला म्हणाले होते की मी होकार टाकला. कात्रीची शपथ घेऊन. मला बघायचंय की कसा टाकला."

"कोणी काय टाकलं ते सांगणं नियमाबाहेर आहे!" सर कडाडले.

"आज सभा नाही, सर," डॉक्टर म्हणाले. "आज दार उघडं आहे. मास्तर, इच्छा असेल तर."

मास्तरांची छाती भरून आली. सहा वर्षांनी का होईना, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत होकार टाकायची संधी! ते ताठ पुढे झाले. बाही वर सारली. गोळी उचलली, पेटीच्या तोंडातून हात आत घातला, अंगठ्यानं भोक चाचपलं, तसंच, अगदी तसंच, जसं त्या दिवशी. टक्.

"उघडा," ते ऐटीत म्हणाले.

सरांनी पांढऱ्या मुठीचा खण ओढला. रिकामा.

"अडकली असेल," सर म्हणाले आणि काळ्या मुठीचा खण ओढला. गोळी गडगडत पुढे आली आणि खणाच्या कडेला येऊन थांबली, जणू सगळ्यांना नमस्कार करायला.

"पुन्हा टाका," डॉक्टर हळूच म्हणाले.

मास्तरांनी पुन्हा टाकली. पुन्हा काळा खण. तिसऱ्यांदा टाकली. काळा खण. बेकरीवाले बंधू वाकून वाकून बघत होते, ते एकदम किंचाळले, "अहो, हात! हात कोणता आहे बघा!"

डावा. मास्तरांचा डावा हात पेटीत कोपरापर्यंत गेलेला. आणि डाव्या हाताचा अंगठा असतो उजवीकडे, नकाराच्या भोकाकडे.

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग नकाशावरच्या वाळवंटासारखा झाला. "अंगठा ज्याचा त्याच्याजवळ..." एवढंच ते पुटपुटले आणि मटकन खुर्चीत बसले. चाळीस वर्षांत लॉजमध्ये डावखुरा माणूस एकच आला होता, आणि त्यानं पेटीत हात एकदाच घातला होता.

मास्तरांना अजून पळवाट होती. आज हात थरथरला म्हणता आलं असतं. पेटी जुनी म्हणता आलं असतं. पेटी निघाल्यापासून बघणारे वाढत वाढत तेराशे झाले होते, आणि उद्याचा केक त्यांना समोर दिसत होता. पण बुधवारी तेच म्हणाले होते ना, खरं सांगा म्हणून? त्यांनी हात बाहेर काढला आणि व्याह्यांकडे पाहिलं.

"त्या दिवशीही असाच टाकला होता," ते म्हणाले. "याच हातानं. अंगठ्याकडे. तो नकार माझा होता, व्याही. मी मनापासून होकार टाकला आणि तो नकारात पडला. सहा वर्षं मी दुसऱ्याचा पाव टाळत बसलो."

"पाव?" बेकरीवाले म्हणाले. "म्हणून तुम्ही... अहो, मला वाटलं मधुमेह झालाय तुम्हाला!"

व्याह्यांनी पेटी जवळ ओढली. खिशातून चष्मा काढला, टॉर्च तोंडात धरला आणि पेटीच्या आत पाहिलं, जसं अडकलेल्या लिफ्टच्या आत पाहतात. दोन्ही भोकांत बोटं घातली. मग टॉर्च तोंडातून काढला.

"वरचं बटण दाबलं की लिफ्ट खाली जाते, अशी तक्रार येते कधी कधी," ते सावकाश म्हणाले. "लोक म्हणतात भूत आहे. भूत नसतं. दोन वायरी उलट जोडलेल्या असतात. बटण दाबणाऱ्याची चूक नाही, लिफ्टचीही नाही."

आणि मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी खांदे हलले. मग मिशा. मग ते काळ्या-पांढऱ्या फरशीवर फतकल मारून बसले आणि असे हसले की काठीवरचा मोबाइल छत, पंखा, डॉक्टर, छत, पंखा असं दाखवू लागला.

"एकशे बारा भाग!" ते डोळे पुसत ओरडले. "एकशे बारा भाग मी त्या गुप्त हाताला शोधतोय! जगाची सूत्रं हलवणारा गुप्त हात! मित्रांनो, सापडला! हा बघा!" त्यांनी मास्तरांचा डावा हात धरून मोबाइलसमोर नाचवला. "हा! माझ्या व्याह्याचा! पँटला काज करणारा!"

हसणं साथीच्या रोगासारखं पसरलं. बेकरीवाले भिंतीला टेकले, डॉक्टरांना स्वतःचाच जबडा धरून बसावं लागलं, आणि सर, ज्यांना कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते तोंडावर एप्रन घेऊन हुंदके दिल्यासारखे हसत होते.

"पण कात्रीची शपथ खोटी पडली," मास्तर हसत हसत रडकुंडीला येऊन म्हणाले.

"खोटी कशी?" व्याही म्हणाले. "कात्रीही डावरीच! तिनं तुमच्या बाजूनं खरंच सांगितलं."

मोबाइलवर कॉमेंट धबधब्यासारख्या पडत होत्या. 'मीपण डावखुरी, जन्मभर असंच होतं.' 'सरांना पाणी द्या कोणीतरी.' 'खुर्चीसाठी फोन नंबर द्या.' आणि त्यात एक लेकीची: 'बाबा, मामंजी, दोघंही हलू नका. ती बघतेय.' लगेच फोन वाजला. व्याह्यांनी उचलला आणि मोबाइल दोघांच्या मध्ये धरला. पडद्यावर फक्त एक नाक आणि दोन डोळे दिसत होते.

"आजोबा," नातीनं विचारलं, "तुम्ही दोघं एकदम कसे? ड्यूटी कोणाची आहे?"

"आज डबल ड्यूटी आहे, बाळा," व्याही म्हणाले. "मागची राहिलेली भरून काढायचीय."

निघताना व्याह्यांनी पिशवीतून लिफ्टच्या बटणांवर लावायचे दोन चिकट बाण काढले आणि पेटीच्या आतल्या भोकांशेजारी लावले. फुगीर बाण, अंधारातही बोटांना कळतील असे. वर म्हणजे होकार, खाली म्हणजे नकार. मग शिडी ओढली आणि कोणाला न विचारता पंखाही चालू केला. त्याला सात मिनिटं लागली. तेवीस बंधू तोंडं वर करून फिरत्या पंख्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी टेबलावर एक कोरा अर्ज ठेवला होता. व्याह्यांनी तो घडी करून खिशात टाकला. "बघतो," म्हणाले. "पण एक अट. मतं द्याल तेव्हा मास्तरांना बाहेर उभं करा. तलवार देऊन."

"मंजूर," तेवीस आवाज एकदम आले. लॉजच्या इतिहासात एवढ्या झटकन एवढं एकमत कधी झालं नव्हतं, आणि त्यातला सगळ्यांत मोठा आवाज मास्तरांचा होता.

रविवारी मास्तर बेकरीतून केक घेऊन गेले, त्याच बेकरीतून, आणि वर सहा पाव. बायकोनं वाटेतच एकाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "सहा वर्षं," ती म्हणाली. "तुमच्या अंगठ्यापायी मी सहा वर्षं विटा खाल्ल्या." जिन्यात व्याही भेटले, काखेत कॅरम बोर्ड. जिना अरुंद, बोर्ड रुंद, आधी कोणी जायचं यावरून "तुम्ही", "नाही, तुम्ही" असं बराच वेळ चाललं. शेवटी बोर्ड आडवा धरून दोघं एकदमच वर गेले आणि दारात अडकले. दाराचं सगळं कळणारा लिफ्टवाला मागून ढकलत होता आणि दार राखणारा मास्तर पुढून ओढत होता.

नातीनं केकपाशी दोघांना दोन बाजूंना उभं केलं, मोजून. एक, दोन. पुन्हा मोजलं. मग लेकीनं तिच्यापुढे सुरी ठेवली. पोरीनं क्षणभरही विचार न करता डावा हात पुढे केला, सुरी उचलली आणि केकमध्ये खसकन घातली, मास्तर कापडात कात्री घालतात तशी.

मास्तरांचे डोळे भरून आले. व्याही तिच्या हाताकडे बघत राहिले, मग मास्तरांच्या हाताकडे, मग पुन्हा तिच्या.

"सूनबाई," ते गंभीरपणे म्हणाले, "पोर गुणी आहे. फक्त हिला त्या पेटीपासून लांब ठेव."